अठरावं लागलं? मग नमुना ६ भरा

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिले आहे. सांगायची गोष्ट एकच आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून कोणी आपोआप मतदार होत नाही. मतदार यादीत नाव लागते, ते अर्ज करून घालून घ्यावे लागते, आणि तो अर्ज निवडणुकीचे भोंगे वाजायच्या कितीतरी आधी द्यावा लागतो.

आपल्या घरांमध्ये अठरावा वाढदिवस जवळ आला की धावपळ सुरू होते. गाडीचे लायसन्स निघते, पॅन कार्ड होते, शिष्यवृत्तीसाठी बँकेत खाते उघडले जाते, बारावीनंतरच्या प्रवेशासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निघतो. या सगळ्यासाठी बाप वावरातले काम टाकून तहसीलच्या चकरा मारतो. मतदार यादीचा विषय मात्र "इलेक्शन आलं का पाहू" एवढ्यावर राहतो. मग इलेक्शन येते. पोरगा नवा शर्ट घालून, आधार कार्ड घेऊन केंद्रावर जातो. यादीत नाव नसते. केंद्रावरच्या अधिकाऱ्याला कितीही वाटले तरी तो त्या दिवशी नाव घालू शकत नाही. कायद्याने त्याला तो अधिकारच नाही. पेरणीच्या दिवशी वखर शोधत फिरणाऱ्यासारखी गत होते. हंगाम कोणासाठी थांबत नाही.

हुकलेले मत किती महाग पडते

ताजे उदाहरण घ्या. १५ जानेवारी २०२६ रोजी अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांसाठी मतदान झाले. त्याआधीचे मतदान झाले होते फेब्रुवारी २०१७ मध्ये. मुदत संपल्यावर २०२२ पासून दोन्ही शहरांचा कारभार प्रशासक पाहत होते. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या ज्या लेकराने २०१७ साली आईचे बोट धरून मतदान केंद्र पाहिले, ते मतदानाच्या वयाचे झाले तेव्हा कुठे पुढची निवडणूक आली. राज्य निवडणूक आयोगाने या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभेची मतदार यादी धरली. त्या यादीत ज्याचे नाव होते, त्यालाच मत देता आले.

आता हिशेब करा. २०२४ च्या उन्हाळ्यात अठरा पूर्ण केलेल्या एखाद्या मुलाने अर्ज आज करू, उद्या करू म्हणत ऑगस्ट २०२५ पर्यंत लांबवला, तर त्याचे महापालिकेचे मत गेले. पुढची निवडणूक अगदी वेळेवर झाली तरी तोवर तो चोविशीत असेल. त्याच्या गल्लीतली नाली, नळाचे पाणी, कचऱ्याची गाडी, सिटी बस, अभ्यासिका यांचा कारभार कोणी करायचा हे पाच वर्षांसाठी इतरांनी ठरवून टाकले.

मुंबईतल्या एका अठरा वर्षांच्या मुलीला तर यादीत नाव यावे म्हणून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. प्रत्येकाला कोर्टकचेरी झेपत नाही. वेळेत अर्ज करणे मात्र प्रत्येकाला झेपते.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांच्यासाठी नाव नोंदवायचा वेगळा अर्ज नसतो. विधानसभेची यादी घेऊन तिचेच प्रभाग आणि गण पाडले जातात. त्या यादीत नाव नसेल तर स्थानिक निवडणुकीच्या वेळी ते नव्याने घातले जात नाही. एकदा विधानसभेच्या यादीत नाव आले की सरपंचापासून खासदारापर्यंत सगळ्या मतदानाला तेच चालते.

हा हक्क कसा आला

इंग्रजांच्या काळात मताचा हक्क जमीन, कर किंवा शिक्षण असलेल्यांना होता. शेतमजूर आणि बहुतेक बाया त्याच्या बाहेर होत्या. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने तो सगळ्या प्रौढ नागरिकांना दिला. ते संविधान घडवणाऱ्या सभेत आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी बसले होते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी आपला वऱ्हाड मध्य प्रदेशात होता. पंजाबराव अमरावतीतून निवडून गेले आणि देशाचे कृषिमंत्री झाले.

त्या पहिल्या यादीची एक गोष्ट मुलींनी विशेष ऐकावी. देशात सुमारे २८ लाख बायांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची माय एवढेच लिहून दिले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी यादीत ठेवल्या नाहीत. बहुतेक बाया उत्तरेकडच्या प्रांतांतल्या होत्या. हक्क मिळाला होता, पण स्वतःच्या नावाने नोंद नव्हती, म्हणून मत गेले.

तेव्हा मतदानाचे वय २१ होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ केले आणि २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत अठरा ते वीस वर्षांच्या मुलामुलींनी पहिल्यांदा मत दिले. त्या वर्षी अमरावतीने कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख आणि शेजारच्या अकोल्याने भारतीय जनता पक्षाचे पांडुरंग फुंडकर दिल्लीला पाठवले. दोघांच्या विचारांची टोके वेगळी होती. मतदाराने ठरवले की काय होऊ शकते, हे वऱ्हाडाने त्या वर्षी पाहिले आहे.

अर्ज कधी करायचा

सतरा वर्षे पूर्ण झाली, म्हणजे अठरावे लागले, की अर्ज आगाऊ देता येतो. २०२२ पासून वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. तुमचे अठरा पूर्ण होतील त्यानंतरच्या लगतच्या तारखेला तुम्ही पात्र ठरता. समजा जन्म १२ ऑगस्ट २००८ चा आहे. १२ ऑगस्ट २०२६ ला अठरा पूर्ण, म्हणून अर्हता दिनांक १ ऑक्टोबर २०२६. अर्ज त्याच्या कितीतरी आधी देऊन ठेवता येतो. तारीख आली की त्याचा विचार होतो. पूर्वी फक्त १ जानेवारी धरत, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. ती अडचण आता राहिली नाही.

निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज करू, हा विचार सोडून द्या. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घेता येत नाही, असा कायदा आहे. शिवाय तुमचा अर्ज आल्यावर कोणाची हरकत आहे का हे पाहायला सात दिवस ठेवावे लागतात, आणि चौकशीला वेळ लागतो. निवडणुकीच्या आदल्या पंधरवड्यात तहसीलमध्ये झुंबड उडते. त्या गर्दीत तुमचा अर्ज राहून गेला तर दोष कोणाला देणार?

अर्ज कसा करायचा

नव्या मतदाराचा अर्ज म्हणजे नमुना ६. तो भरायला एक पैसाही लागत नाही. देण्याच्या तीन वाटा आहेत. भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवरून किंवा आयोगाच्याच अ‍ॅपवरून मोबाईलवर भरता येतो. गावातल्या किंवा वार्डातल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात, त्यांच्याकडे कागदावर देता येतो. हे काम बहुतेक ठिकाणी शाळेतले गुरुजी, बाई किंवा अंगणवाडी ताई करतात. आणि तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत देता येतो. बीएलओ कोण हे माहीत नसेल तर पोर्टलवर नाव सापडते, किंवा १९५० या क्रमांकावर फोन करून विचारता येते.

सोबत काय लागते? एक रंगीत पासपोर्ट फोटो. वयाचा एक पुरावा: जन्माचा दाखला, जन्मतारीख असलेले दहावी किंवा बारावीचे प्रमाणपत्र, आधार, पॅन, लायसन्स किंवा पासपोर्ट. राहण्याचा एक पुरावा: लाईट बिल, पाणीपट्टी किंवा गॅसचे बिल, आधार, बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, जमिनीची महसूल नोंद, नोंदणी केलेला भाडेकरार. बिल वडिलांच्या किंवा आईच्या नावावर असले आणि त्यांचे नाव त्याच पत्त्यावर यादीत असले, तरी चालते. घरच्या एका माणसाच्या मतदार कार्डावरचा क्रमांक जवळ ठेवा. त्यामुळे तुमचे नाव त्याच भागात, त्याच केंद्रावर पडते. कागदांची यादी नमुन्यावरच छापलेली असते. ती वाचूनच झेरॉक्स काढायला जा.

आता जिथे अर्ज अडकतात त्या जागा सांगतो.

पहिली, मोबाईल नंबर. सेतू केंद्रावर किंवा नेट कॅफेत अर्ज भरून घेतला तर नंबर तुमचा किंवा घरातला टाकायला सांगा. दुकानदाराचा नंबर पडला की पुढचे सगळे निरोप त्याला जातात आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

दुसरी, नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे आहे तसेच मराठीत आणि इंग्रजीत लिहा. अर्ज पाठवण्याआधी मराठीतले नाव डोळ्यांनी वाचून पाहा. टाईप करताना काना-मात्रा बदलते आणि मग पुढे वर्षानुवर्षे दुरुस्ती करत बसावे लागते.

तिसरी, बीएलओची भेट. अर्ज आल्यावर त्या घरी येऊन खात्री करतात. तुम्ही शिकायला बाहेर असाल तर आईला, आजीला सांगून ठेवा की मी अर्ज केला आहे. "आमच्या घरी तर असं कोणी राहत नाही" असे घाईत कोणी बोलून गेले तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

चौथी, पाठपुरावा. अर्ज दिल्यावर संदर्भ क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा आणि पंधरा-वीस दिवसांनी स्थिती पाहा. अर्ज नाकारला गेला तर कारण विचारा. निर्णय चुकीचा वाटला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

दिव्यांग मुलामुलींनी अर्जातला तो रकाना नक्की भरावा. केंद्रावर चाकाची खुर्ची किंवा मदतनीस लागणार आहे हे प्रशासनाला आधी कळते.

एक सूचना घरच्यांनाही. कोणी कार्यकर्ता "द्या कागदं, मी करून देतो" म्हणून वाड्यातल्या सगळ्या पोरांचे कागद गोळा करू लागला तर देऊ नका. एकाने आणलेले अर्जांचे गठ्ठे सहसा स्वीकारले जात नाहीत. आणि आपल्या लेकरांची आधारची झेरॉक्स, फोटो आणि सही दुसऱ्याच्या हातात कशाला द्यायची? अर्ज मुलाने किंवा मुलीने स्वतः भरावा. बाजूला बसून फार तर सांगा. आयुष्यातले पहिले सरकारी काम ते स्वतःच्या हाताने करतील आणि पुढे कोणत्याही कार्यालयात जायला बिचकणार नाहीत.

खोलीवर राहणाऱ्यांनो

अमरावतीत विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंगची, शेतकीची, शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये आहेत. अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि नीट-जेईईच्या शिकवण्यांसाठी बुलडाणा, वाशिम, यवतमाळपासून मुले येऊन खोल्या करून राहतात. आपली कितीतरी पोरे पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत आहेत. त्यांचा प्रश्न एकच असतो: नाव गावी घालायचे की इथे?

मान्यताप्राप्त आणि निदान एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या, वसतिगृहात किंवा मेसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्हींपैकी एक निवडता येते. शिकण्याच्या ठिकाणी नाव घालायचे असेल तर प्राचार्यांचा बोनाफाईड दाखला जोडावा. पण नाव एकाच ठिकाणी ठेवा. दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा नाव असणे कायद्याला मंजूर नाही. अर्जावर तुम्ही तशी घोषणा सही करून देता आणि ती जाणूनबुजून खोटी दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

माझा सल्ला विचाराल तर असा: मतदानाच्या दिवशी जिथे खरोखर पोहोचू शकाल तिथे नाव ठेवा. पुण्याहून दर्यापूरला येण्याचे भाडे, सुट्टी आणि परीक्षा यांचा विचार करून ठरवा. गावाशी संबंध दाट असेल, सुट्टीत येणे-जाणे असेल, तर गावीच ठेवा. तिथल्या सरपंचाला, आमदाराला तुम्ही ओळखता. पुढे नोकरीमुळे पत्ता बदलला तर नमुना ८ भरून नाव नव्या जागी नेता येते. तोच नमुना नाव, जन्मतारीख, फोटो यांच्या दुरुस्तीलाही चालतो.

आपला मतदारसंघ कोणता हेही एकदा पाहून ठेवा. अमरावती जिल्ह्यात विधानसभेचे आठ आणि अकोला जिल्ह्यात पाच मतदारसंघ आहेत. मोर्शी आणि धामणगाव रेल्वे हे दोन अमरावती जिल्ह्यातले असूनही लोकसभेसाठी वर्ध्याला जोडलेले आहेत. वाशिम जिल्ह्यातले रिसोड अकोल्याच्या लोकसभेत येते. मोर्शी मतदारसंघातल्या वरुडचा मुलगा अमरावतीच्या खासदाराला मत द्यायचे म्हणून बसला, तर त्याला हे आधी कळलेले बरे.

लेकींची नावे थांबवू नका

हे थेट आईवडिलांना सांगतो. "पोट्टीचं दोन-तीन वर्षांत लग्न होईन, मंग सासरी टाकतीन नाव," असे म्हणून अनेक घरांत मुलाचा अर्ज भरला जातो आणि मुलीचा राहतो. मधली दोन-तीन वर्षे कोणाची? त्या काळात ग्रामपंचायतीची, विधानसभेची निवडणूक येऊन जाऊ शकते. लग्न झाल्यावर नमुना ८ भरून तिचे नाव सासरी नेता येते. त्याला फारसा वेळ लागत नाही. उलट यादीत मुळात नावच नसेल तर सासरी गेल्यावर नव्याने सगळे पुरावे उभे करायचे, आणि नव्या घरात त्यासाठी तिच्या बाजूने बोलणारे कोण असेल, याचा विचार करा. लेकीला तिच्या हक्काची नोंद माहेरातून देऊन पाठवा.

आपल्या अमरावतीने उषाताई चौधरी, प्रतिभाताई पाटील, नवनीत राणा या स्त्रियांना वेगवेगळ्या काळात लोकसभेत पाठवले. प्रतिभाताई पुढे देशाच्या राष्ट्रपती झाल्या. ज्या जिल्ह्याने बायांना दिल्लीत पाठवले, तिथल्या अठरा वर्षांच्या पोरीचे नाव गावच्या यादीत नसावे, हे शोभत नाही.

मेळघाटातले आणि कामासाठी बाहेर जाणारे

धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतली कोरकू कुटुंबे सुगी संपली की कामासाठी बाहेर पडतात. वीटभट्टीवर, बांधकामावर महिनोन्‌महिने राहतात. अकोटकडची, तेल्हाऱ्याकडची माणसेही जातात. बीएलओ घरी आल्या आणि दाराला कुलूप दिसले की नवे नाव राहते आणि जुने नाव "स्थलांतरित" म्हणून निघण्याची भीती असते. कामासाठी काही महिने बाहेर गेल्याने गावचे राहणे संपत नाही. निघण्याआधी मुलांचे अर्ज भरा, शेजाऱ्याला सांगून ठेवा, आणि होळीला किंवा पोळ्याला गावी आलात की यादीत सगळ्या घराची नावे आहेत का ते तपासा.

२०२४ च्या लोकसभेला मेळघाटातल्या काही गावांनी रस्ता नाही, वीज नाही म्हणून मतदानावर बहिष्कार घातला. त्यांचे दुःख खरे आहे, आणि त्यांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. पण यादीत नाव असणाऱ्याच्या बहिष्काराची दखल तरी घ्यावी लागते. ज्याचे नावच नाही त्याचा रागही कुठे मोजला जात नाही. एकही उमेदवार पसंत नसेल तर २०१३ पासून मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे, आणि ते मत मोजले जाते.

गावातल्या मुलांसाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट. गावच्या मतदार यादीत ज्यांची नावे आहेत, ते ग्रामसभेचे सदस्य असतात. घरकुलाची यादी, रोजगार हमीची कामे, पाण्याची योजना हे ग्रामसभेत मांडले जाते. यादीत नाव आले की तिथे उभे राहून प्रश्न विचारायचा अधिकार तुम्हाला मिळतो. मेळघाटात तर पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत. पाच वर्षांतून एकदा बटण दाबण्याइतकेच हे मोलाचे आहे.

"एका मतानं काय होते?"

हा प्रश्न पारावर, कट्ट्यावर, बसमध्ये ऐकू येतो. उत्तर आकड्यांत देतो. अकोला पश्चिम विधानसभेचा निकाल २०१९ मध्ये २,५९३ मतांनी आणि २०२४ मध्ये फक्त १,२८३ मतांनी लागला. अकोल्यातल्या एखाद्या मोठ्या महाविद्यालयात याहून जास्त विद्यार्थी असतात. २०२४ मध्येच मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी आणि मुंबई उत्तर-पश्चिम या लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. ४८ म्हणजे बारावीच्या एका वर्गातली मुले. ग्रामपंचायतीच्या वार्डात तर दोन-चार मतांवर निकाल फिरतो, आणि मते समान पडली की चिठ्ठी टाकावी लागते.

दुसरी बाजूही पाहा. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी देशाच्या यादीत अठरा-एकोणीस वर्षांचे सुमारे १.८ कोटी मतदार होते. त्या वयाची मुले-मुली देशात त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. म्हणजे निम्म्याहून अधिक जण यादीच्या बाहेरच राहिले. उमेदवार यादी घेऊन हिशेब करतो: कोणत्या वस्तीत किती मते, कोणत्या वयाची किती. तुमच्या वयाची नावेच कमी असतील तर तुमचे प्रश्न जाहीरनाम्याच्या शेवटच्या पानावर जातात. विद्यापीठाचे लांबणारे निकाल, रखडलेली भरती, वसतिगृहाची अपुरी जागा हे तुमचे प्रश्न आहेत. खारपाणपट्ट्यातले मचूळ पाणी, कापसाचा भाव, बंद पडलेली शकुंतला रेल्वे, अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी हे तुमच्या घराचे आणि गावाचे प्रश्न आहेत. या प्रश्नांवर काय केले हे विचारायला येणारी माणसे यादीत किती आहेत, हे पुढारी पाहतात.

मत कोणाला द्यायचे हे सांगणे माझे काम नाही. ते तुमचे तुम्ही ठरवा. जातीचा, पक्षाचा, घरातल्या वडीलधाऱ्यांचा मान ठेवा, पण बटण दाबताना आत कोणी येत नाही आणि कोणाला कळत नाही, हेही लक्षात असू द्या. मतासाठी पैसे देणे जसा गुन्हा आहे तसा घेणेही गुन्हा आहे. पहिल्याच मताला पैशाची सवय लावू नका.

कार्ड आल्यावरही एवढे करा

मतदार कार्ड पोस्टाने घरी येते. त्याच्यावर विसंबून राहू नका. मत द्यायला यादीत नाव असावे लागते. कार्ड हरवले असले आणि नाव असले, तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेले बँकेचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड अशा ओळखपत्रांवरही मतदान करता येते. कार्ड खिशात आहे आणि नाव यादीतून निघाले आहे, तर मत देता येत नाही. म्हणून दरवर्षी प्रारूप यादी लागली की आपले आणि घरच्या सगळ्यांचे नाव पाहा. आजोबा वारले असतील तर त्यांचे नाव काढायला नमुना ७ द्या. यादी स्वच्छ ठेवणे हेही आपलेच काम आहे.

प्राध्यापक आणि मुख्याध्यापकांना विनंती आहे. बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गात एक तास या कामाला द्या. बीएलओंना बोलवा, मुलांना आदल्या दिवशी कागद आणायला सांगा आणि वर्गातच अर्ज भरून घ्या. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवसाची शपथ घेतली जाते, ती चांगलीच आहे. पण शपथ घेणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव यादीत आहे का, हे त्या दिवशी विचारले पाहिजे.

गावातल्या तरुण मंडळांनी गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतला एक दिवस मांडवात यासाठी ठेवावा. एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि अर्ज नीट भरता येणारी दोन पोरे एवढे पुरते.

मुलामुलींनो, येत्या रविवारी तासभर काढा. दहावीचे प्रमाणपत्र, घरचे लाईट बिल, एक फोटो आणि आईचे किंवा बाबांचे मतदार कार्ड घेऊन बसा आणि नमुना ६ भरा. तुमचा झाला की मैत्रिणीला, शेजारच्या भावाला त्यांचा त्यांनी भरताना मदत करायला बसा. पुढची निवडणूक कधी लागेल हे तुमच्या हातात नाही. ती लागेल त्या दिवशी तुमचे नाव यादीत असणे मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे.